दीवच्या चपला

पौषात आमच्या निमोणे गावाची सकाळ धुरानं सुरू होते. कुणाच्या तरी रानात आगटी पेटलेली असते, थंडीमुळं गोवऱ्यांचा धूर वर न जाता ओढ्याच्या कडेकडेनं पसरतो आणि त्यात भाजल्या कणसांचा गोडसर वास असतो. आमचे हे गेल्यापासून हा वास आला की मी मागचं दार लावून घ्यायचे. यंदा लावलं नाही. यंदा माझ्याही रानात दोन गुंठे ज्वारी उभी आहे, खास हुरड्याची गूळभेंडी. चार दिवसांपूर्वी दाणा नखानं दाबून पाहिला, तर बोटाला दूध लागलं.

हुरडा ठाऊक असलेल्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. ज्वारीचा दाणा दुधातून पिठात जाण्याच्या मधे थोडे दिवस असे असतात, की कणीस धगीत खुपसून भाजायचं, तळहातावर चोळायचं आणि ते हिरवे, गरम दाणे लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. असे दिवस बारा-पंधरा. मग दाणा टणक होतो आणि उरते नुसती ज्वारी. त्या बारा-पंधरातले चार मी आज जाते, उद्या जाते करण्यात घालवलेत.

जायचं आहे दौंडला. माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलचा एक कडीचा डबा आहे, झाकणाला पोचा आलेला. तो माझा नाही, दौंडच्या रशीदाभाभींचा आहे, आणि वर्षभर माझ्याकडं पडून आहे. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे आपल्याला कुणी शिकवत नाही, हाताला आपोआप येतं. साखर घालायची, शेंगदाणे घालायचे, काही नाही तर चार लिंबं. या डब्यात मात्र हुरडाच घालायला हवा, दुसरं काही चालणार नाही. का, ते सांगायचं तर मला आधी समुद्रावर जावं लागेल.

पण त्याही आधी आमच्या ह्यांच्याबद्दल. ‘हुरड्याला या’ हे आमच्या भागातलं फार स्वस्त वाक्य आहे. पौष-माघात कुणीही कुणालाही म्हणतं. एसटीच्या कंडक्टरला म्हणतं, बँकेतल्या साहेबाला म्हणतं. मी सरकारी नर्स होते, तेव्हा इंजेक्शन टोचून घेतलेला पेशंटही कळवळत मला म्हणायचा, “सिस्टर, हुरड्याला या.” ऐकणाऱ्यानं ‘येऊ की’ म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. त्यात कुणी कुणाला फसवत नसतं. आमचे हे मात्र ते खरंच म्हणायचे. दरवर्षी हुरड्यासाठी म्हणून एक पट्टा ज्वारी पेरायचे, आगटी पेटवून, पोत्यांची बैठक घालून वाट बघत बसायचे. दहा जणांना सांगितलं तर दोघं यायचे. उरलेला हुरडा आम्ही नवरा-बायको खायचो आणि मी खाता खाता त्यांना नावं ठेवायचे. ते गेले आणि मी रान भिमाजीला वाट्यानं दिलं. भिमाजीनं सगळीकडं ऊस लावला. मलाही बरं वाटलं. उसाला पाखरं लागत नाहीत, राखण लागत नाही आणि तो खायला कुणाला बोलवावंही लागत नाही.

मी निवृत्त झाले तरी गाव मला सिस्टरच म्हणतं. माझं खरं नाव बहुधा रेशनकार्डालाच ठाऊक असेल. मुलगा पुण्यात असतो. गेल्या पौषात त्यानं मला न विचारता सहलीत माझं नाव घातलं आणि फोनवर म्हणाला, “आई, जरा फिरून ये, माणसांत राहशील.” चाळीस वर्षं मी माणसांतच होते, हे त्याला कोण सांगणार?

पौषात लग्नं नसतात. वऱ्हाडाच्या गाड्या रिकाम्या उभ्या असतात, म्हणून आमच्याकडचे गाडीवाले त्या महिन्यात सहली काढतात. कवठे येमाईच्या आप्पांची मोठी गाडी शिरूरहून निघते. मागं शेगडी, पातेली, बाजरीच्या पिठाची पोती आणि एक आचारी, पुढं आम्ही. समुद्र गुजरातचा असला तरी पिठलं कवठ्याचं, असा सगळा बेत. गेल्या वर्षी गाडी दीवला जाणार होती. दीव म्हणजे सौराष्ट्राच्या पायथ्याशी असलेलं लांबट बेट. चारशे वर्षांहून जास्त पोर्तुगीजांकडं होतं, एवढंच मला शाळेतलं आठवत होतं.

आप्पांचा नियम असा, की खोली जोडीला एक. नवरा-बायकोंचं सोपं असतं. सुट्या माणसांच्या जोड्या आप्पा आपल्या मनानं लावतात. शिरूरच्या स्टँडवर सकाळच्या गारठ्यात हातात यादी धरून ते सगळ्यांदेखत म्हणाले, “सिस्टर, तुमच्या जोडीला दौंडच्या भाभी हायत. त्या बी एकल्याच हायत.”

ते ‘बी’ मला लागलं. मी तोंड वाकडं करून गाडीत चढले. खिडकीशी एक सडपातळ, ताठ बसलेली बाई होती. डोक्यावर करड्या रंगाची ओढणी, मांडीवर स्टीलचा कडीचा डबा. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. मी बसल्यावर तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “सिस्टर, तुमी घोरता का?”

“नाही,” मी ठसक्यात म्हणाले.

“आरं रे,” ती म्हणाली. “घोरत असता तर बरं झालं असतं. मला आवाज लागतो झोपंला.”

ह्या रशीदाभाभी. त्यांचे मालक रेल्वेत होते, दौंडच्या यार्डात सांधे बदलायचे. चाळीस वर्षं भाभी रुळांच्या मागच्या गल्लीत राहिल्या. मालक गेले, मुलगी सोलापूरकडं दिली. भाभी साड्यांना फॉल-पिको करतात आणि गाडीच्या आवाजावरून वेळ सांगतात. घड्याळ आहे, पण ते भिंतीला शोभा म्हणून.

दीवला रेल्वे नाही. बेट आहे ते. एका पुलावरून आत शिरायचं, की पाणी मागं राहतं. पहिल्या पहाटे साडेचारला मला जाग आली. आमचे हे त्या वेळेला खोकायचे. खोकला नसल्यानं मला जाग येते, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. बघते तर भाभी खिडकीत बसलेल्या.

“येवढं गाव,” त्या म्हणाल्या, “आन् एक शिट्टी न्हाई. बरं वाटतंय का तुम्हाला?”

मला बरं वाटत नव्हतं. आम्ही दोघींनी चेहऱ्यावर पाणी मारलं आणि समुद्रावर गेलो. जानेवारी असून तिथं थंडी नव्हती. हवा दमट, अंगाला चिकटणारी, स्वेटर काढून हातात धरायला लावणारी. नागोव्याचा किनारा अर्ध्या चंद्रासारखा वळलेला आहे आणि त्याच्या कडेनं फांद्यांचे ताड आहेत. ताडाला फांद्या फुटलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. होका म्हणतात त्यांना. आफ्रिकेतून आले म्हणे. भाभींनी एका बुंध्याला हात लावला आणि म्हणाल्या, “परक्या मुलखात येऊन फुटला बघा.”

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी पाहिला होता, अलिबागचा, वीस नर्सांच्या गोंगाटात, म्हणजे खरं तर मीही पाहिला नव्हता. उजाडत होतं. भाभी सलवारीचे पाय वर धरून ओल्या वाळूत उभ्या राहिल्या. लाटा येत होत्या, जात होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “येतंय, थांबतंय, जातंय. पन उतरत कुनी न्हाई.”

मी हसले. मग हसू थांबलं आणि आम्ही तशाच उभ्या राहिलो. ती सकाळ मला अजून अंगावर आठवते. मीठ, ओली वाळू, शेजारी एक अनोळखी बाई. पण तिच्या शेजारी उभं राहताना तेवढ्यापुरतं मला एकटं वाटत नव्हतं.

परवा रानात गेले तर ज्वारीवर चिमण्यांचा थवा. भिमाजी बांधावर बसून मजा बघत होता. पेरणीच्या वेळीच तो म्हणाला होता, “सिस्टर, दोन गुंठ्यांत ज्वारी म्हंजी पाखरांचं जेवान. इकत घ्या की हुरडा, कुठं बी मिळतो.” विकतचा नको, हे मी त्याला समजावू शकले नाही. आता कणसं धरल्यापासून मीच राखते आहे. पत्र्याचा डबा वाजवते, हातवारे करते. लोक म्हणत असतील, सिस्टरला काहीतरी झालंय. म्हणोत.

दीवमध्ये आम्ही तीन दिवस होतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही. त्यामुळं आमच्या गाडीतल्या पुरुषांना दीवचा इतिहास फारच आवडला. ते सकाळी किल्ला बघायला म्हणून निघायचे आणि कोपऱ्यावरच्या दुकानापाशी त्यांचा इतिहास संपायचा. त्यांच्या बायका वैतागून बाजारात. बघायचं ते सगळं आम्ही दोघींनीच बघितलं. गंगेश्वराला पायऱ्या उतरून कपारीत गेलो. तिथं पाच पिंडी आहेत आणि लाट येऊन त्यांच्यावर पाणी घालून जाते. भाभी वरच्या पायरीवर माझी पिशवी धरून उभ्या होत्या. एक लाट अशी आली, की पिंडी, मी, पिशवी आणि भाभी सगळ्यांना एकदमच अंघोळ झाली. “मला बी का?” असं भाभी समुद्राला म्हणाल्या.

नायडाच्या गुहा आहेत. त्या मुळात गुहा नव्हेतच. किल्ला बांधायला इथला दगड कापून कापून नेला आणि जे पोकळ राहिलं त्या या गुहा. वरच्या भोकांतून उन्हाचे खांब खाली उतरतात, झाडांची मुळं भिंतीवरून ओघळतात. लोक तिथं फोटो काढत होते. मला तिथं आमच्या ह्यांची फार आठवण आली. काढून नेलेल्या दगडाचा किल्ला झाला, हे ठीक; पण मागं राहिलेली पोकळी बघायलाही कुणी येतं, याचं मला नवल वाटलं. उतारावर माझा पाय घसरला. भाभींनी मनगट धरलं आणि बाहेर उजेडात येईपर्यंत सोडलं नाही.

चपलांचं झालं ते तिथल्या चर्चमध्ये. टेकाडावर पांढरंशुभ्र, उंच चर्च आहे, आत काळ्या लाकडाचं नक्षीकाम. दारात आल्यावर आम्ही दोघींनी, एकमेकींना न विचारता, चपला काढून पायरीवर नीट जोडीनं लावून ठेवल्या. देवाचं घर म्हटल्यावर दुसरं सुचणार काय? आतले लोक बूट घालून फिरत होते. आम्ही अनवाणी बाकावर बसलो. भाभींनी डोळे मिटले होते, मीही मिटले. कुणाच्या देवाला काय म्हणावं ते न कळून मी नुसतीच बसले. बाहेर आलो तर भाभींची एकच चप्पल. दुसरी एक कुत्रं शेपूट हलवत पायऱ्यांखाली चावत बसलेलं.

“ह्याला बी जोडी लागत न्हाई,” असं म्हणून भाभींनी उरलेली चप्पलही त्याच्यापुढं टाकली.

बाजारात त्यांना नव्या घेतल्या. तपकिरी, वर रुंद निळा पट्टा. त्यांना एकट्यांनाच नव्या कशाला, म्हणून तशाच मी मलाही घेतल्या. साठीच्या पुढच्या दोन बायका शाळेतल्या पोरींसारख्या एकसारख्या चपला घालून दीवच्या गल्ल्यांतून फिरत होत्या. पिवळी, निळी जुनी घरं, लाकडी सज्जे, वाळत घातलेली मासळी. आमच्यापुढं आमच्या सावल्या चालत होत्या. मला तेव्हा काय झालं होतं ते सांगायला लाजायचं कारण नाही. मी आनंदात होते.

किल्ला शेवटच्या दिवशी पाहिला. तीन बाजूंनी समुद्र, जाड तटावर तोफा मांडलेल्या, सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. समोर खाडीत पाणीकोठा, पाण्यातला छोटा किल्ला, एकटाच, लांबून जहाजासारखा दिसणारा. आम्ही तोफेच्या सावलीत टेकलो. भाभींनी डबा उघडला, भाकरीवर चटणी घातली. मग विचारलं, “सिस्टर, घरी गेल्यावर काय करनार?”

“काय करणार? दार उघडायचं, दिवा लावायचा, कुकर लावायचा.”

“किती वाट्यांचा लावता?”

“एका.”

“मी बी एकच,” भाभी म्हणाल्या. “पन एका वाटीचा भात चांगला होत न्हाई ओ.”

एवढंच म्हणाल्या त्या. मला रडू फुटलं. आमचे हे गेल्यावर मी लोकांदेखत रडले नव्हते. सिस्टर रडत नसते, ती पेशंटच्या बायकोला बाजूला घेऊन समजावते. आणि इथं तोफेला टेकून, एका वाटीच्या भातावरून मी रडले. भाभींनी मला समजावलं नाही. माझी भाकरी वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून बसल्या.

नाक पुसल्यावर मला वाटलं, या बाईला आपण काहीतरी द्यावं. माझ्याजवळ काही नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं, “भाभी, हुरड्याला या.”

आमच्याकडच्या कुणीही ‘येऊ की’ म्हटलं असतं. भाभींनी विचारलं, “कवा?”

इतक्या वर्षांत ‘कवा’ कुणी विचारलं नव्हतं. मी गडबडले. “संक्रांतीनंतरचा पहिला रविवार,” मी म्हणाले.

“घर कसं वळखायचं?”

“कुणालाही विचारा, सिस्टरचं घर.”

“चटनी मी आनीन,” भाभी म्हणाल्या, आणि बोटांवर काहीतरी मोजून मान हलवली. बहुधा किती दिवस राहिले ते.

माझ्या रानात ज्वारीचं एक धाटही नव्हतं. सगळा ऊस. हे तिथंच सांगायला हवं होतं. त्या हसल्या असत्या, मी हसले असते आणि भाताला या असं म्हणता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मला पुसवेना. शिवाय मनातून मी आमच्याकडचीच. बोलावलं म्हणून लगेच येतं कोण?

त्या रविवारबद्दल लिहायला मी एवढा वेळ लावला आहे. आता लिहिते.

त्या दुपारी शेजारी माझ्या जावेकडं हळदीकुंकू होतं. आमचं अंगण सामाईक. मला बोलावणं नव्हतं. कुंकू गेलेल्या बाईला नसतंच. जाऊ वाईट नाही, दुसऱ्या दिवशी वाटीभर तिळगूळ आठवणीनं पाठवते. पण त्या तासा-दोन तासांत मी पुढचं दार लावून, कडी घालून आत बसते. ज्या बायकांची बाळंतपणं मी केली, त्या अंगणात नटून हसत असतात आणि मी त्यांना दिसू नये एवढंच बघते. आठवडाभर मनात होतं, भाभींना फोन करावा, नाहीतर कुणाकडून तरी हुरडा आणून ठेवावा. दोन्ही केलं नाही. कुणी येत नसतं, असं स्वतःला सांगत राहिले.

चारच्या सुमाराला अंगणात आवाज आला. “सिस्टर हितंच राहतात ना? मी दौंडहून आले. हुरड्याला बोलावलंय त्यांनी.”

बायकांची कुजबुज थांबली. जाऊ म्हणाली, “हुरड्याला? अवं, त्यांच्या रानात तर समदा ऊस हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग माझ्या दारावर थाप पडली. “सिस्टर!” मी दारापासून चार हातांवर, पलंगाच्या कडेवर बसले होते. पुन्हा थाप. “सिस्टर, मी रशीदा!”

मी उठले नाही. श्वास धरून बसले. जाऊ लांबूनच ओरडली, “आतच हायत की! चपला हायत न्हवं दारात?”

निळ्या पट्ट्याच्या चपला. भाभींच्याही पायात त्याच असणार. मग भाभी जावेला म्हणाल्या, “झोपल्या असतील. राहू द्या, उठवू नका.”

कडीला काहीतरी अडकवल्याचा आवाज आला. दौंडहून चौफुला, चौफुल्याहून न्हावरा, न्हावऱ्याहून निमोणे. तीन गाड्या बदलून आलेली बाई पाण्याचा घोटही न पिता परत गेली. बायका पांगल्यावर मी दार उघडलं. कडीला डबा लटकत होता आणि माझ्या चपला, मी वाकड्यातिकड्या काढलेल्या, नीट जोडीनं लावून ठेवलेल्या होत्या.

मी का उठले नाही? हुरडा नव्हता, खोटं उघडं पडलं होतं, बायका हसत होत्या, ही कारणं खरी आहेत. पण एवढीच आहेत का? तीन दिवस मी भाभींच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्या हाताला धरून चालले. दीवमध्ये मला ओळखणारं कोण होतं? इथं भरल्या अंगणात, बोलावणं नसलेली मी दार उघडणार आणि माझी म्हणून जी पाहुणी उभी, ती करड्या ओढणीतली. ते मनात आलंच नाही, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. त्याची लाज मला चटणीच्या प्रत्येक घासाला वाटली. चटणी मी महिनाभर पुरवली. चव तीच होती, तटावरची.

फोन केला नाही. पहिल्या दिवशी करायला हवा होता. दोन दिवसांनी अवघड झालं, दोन महिन्यांनी त्याहून अवघड. सहलीच्या ग्रुपवर अजून रोज गुलाबाची फुलं आणि सुप्रभात येतं. भाभींचं काही येत नाही. पुढं उन्हाळा आला, पाऊस आला. भाद्रपदात एक दिवस डबा घासता घासता मी तशीच रानात गेले आणि भिमाजीला म्हणाले, ओढ्याकडचा पट्टा मोकळा ठेव.

वरचं सगळं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी गेले. आणखी एक दिवस घालवला असता तर दाणाही टणक झाला असता आणि मीही. सकाळी रानात आगटी पेटवली, एकटीनंच. कणसं चोळताना तळहात भाजले. सवय गेली होती. गरम हुरडा डब्यात भरला, डबा जुन्या लुगड्याच्या घडीत गुंडाळला. पोहोचेपर्यंत गार होणार आणि गार हुरड्याला काही अर्थ नसतो, म्हणून कणसांची एक जुडीही घेतली आणि पिशवीच्या तळाशी तीन गोवऱ्या टाकल्या. एसटीत शेजारचा माणूस सारखा नाक हुंगत होता.

निमोणे, न्हावरा, चौफुला, दौंड. उलट्या दिशेनं मी तोच रस्ता मोजला. उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी रखडली, की मला बरं वाटायचं. पोहोचायला तेवढाच उशीर. दौंडात रुळांच्या मागची गल्ली विचारत गेले. फॉल-पिकोवाल्या भाभी म्हटल्यावर एका पोरीनं बोट केलं.

निळं दार, लोटलेलं. आतून मशीनचा आवाज येत होता. पायरीवर निळ्या पट्ट्याच्या चपला, एकीचा पट्टा दोऱ्यानं शिवलेला. माझ्या पायातल्याही त्याच. घरून निघताना मुद्दाम घातल्या होत्या.

“भाभी,” मी हाक मारली.

मशीन थांबली.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. आत बसलेलं माणूस श्वास धरतं तेव्हा बाहेर काय ऐकू येतं, ते मला वर्षभरानं कळलं. मी थाप मारली नाही. पिशवी छातीशी धरून म्हणाले, “भाभी, मी सिस्टर. मी त्या रविवारी—” आणि त्याच वेळी मागच्या रुळांवरून मालगाडी आली. पायाखालची पायरी थरथरायला लागली. माझं बोलणं सगळं त्या धडधडीत गेलं. डबे संपेचनात. मनात आलं, डबा कडीला अडकवावा आणि निघावं. त्यांनी तेच केलं होतं, फिटंफाट झाली असती. हात कडीपर्यंत गेलासुद्धा.

मालगाडी संपली. मी चपला काढल्या आणि त्यांच्या चपलांशेजारी जोडीनं लावल्या. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “भाभी, मी त्या दिवशी घरातच होते. झोपले नव्हते. जागी होते.”

मग भाभींचा आवाज आला, “ठाऊक हाय.”

पिशवीतल्या गोवऱ्यांचा वास येत होता.

“वर्सभर लावलंत तुमी,” भाभी आतून म्हणाल्या. आणि मग, “हुरडा हाय का? का ह्या बारीला बी ऊसच?”

“आहे,” मी म्हणाले. “गार झालाय.”

“मग भाईर का हुब्या? कडी लावलेली न्हाई, सिस्टर. ढकला.”